सुपारी फुटल्यावरचा कागद

मंठ्याच्या कारभारी गडद्यांना एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय चपलेत असतो, असं त्यांची बायको आसराबाई म्हणते, आणि पस्तीस वर्षांच्या संसारानंतर तिला तसं म्हणायचा पुरता हक्क आहे. पंचविशीपर्यंत हा माणूस मेंढरांमागं हिंडला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, गोदाकाठ धरायचा, कुणाच्या रानात चार दिवस तर कुणाच्या रानात आठ दिवस खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पाऊसकाळ तोंडावर आला की माघारी फिरायचं. पुढं मेंढरं विकली, जमीन घेतली, घर बांधलं, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही.

त्या भिंगरीला मग एक काम सापडलं. मेंढरं बसवता बसवता कारभारींना गावोगावची घरं माहीत झाली होती. कुणाची पोरगी लग्नाला आली, कुणाचा पोरगा वळणाचा, कुठली सासू खाष्ट आणि कुठल्या घरात माणसं देवासारखी, हे सगळं तोंडपाठ. लोक सोयरिकीसाठी त्यांच्या दारात यायला लागले. गेल्या वीस वर्षांत कारभारींनी तीनशेच्या वर लग्नं जमवली आणि टॉवेल-टोपीच्या पुढं कुणाचं काही घेतलं नाही. घरात टॉवेल इतके झाले होते की आसराबाई त्यांची अंथरुणं शिवायची.

त्यांचा एक नेम होता आणि त्या नेमावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. सुपारी फुटली की मुलीचा कागद ठेवायचा नाही. दोन्हीकडच्या पाव्हण्यांच्या देखत पिशवीतून तिचा बायोडाटा काढायचा, फोटोसकट त्याचे चार तुकडे करायचे आणि मुलाच्या बापाला म्हणायचं, "आजपासून ही लेक तुमची. माझ्या पिशवीत हिचं काई राह्यलं न्हाई." बाकीचे मध्यस्थ लग्न होऊन पोरं झालेल्या बाईचासुद्धा फोटो दाखवत हिंडायचे. म्हणून तर ज्यांना लेकीचा फोटो परक्याच्या हातात द्यायचा म्हटलं की घाम फुटायचा, ते बापसुद्धा कारभारींकडं निर्धास्त देऊन जायचे.

पिशवीचा कंप्युटर केला तो त्यांच्या लेकीनं, दैवशालानं. ती नर्सिंगचा कोर्स करून घरी आली होती आणि नोकरीचं बघत होती. तिनं सगळे कागद स्कॅन करून लॅपटॉपमध्ये घातले, मुली आणि मुलं अशी दोन फोल्डर केली, आणि बापाला समजावलं की इथं ठेवलं की वर जातं, वरून तुमच्या फोनात उतरतं, आणि एका ठिकाणी पुसलं की सगळीकडं पुसतं. कारभारींना हे शेवटचं फार आवडलं. फाडायचं तर एकदाच, आणि फाटतं मात्र सगळीकडं. तीन वर्षांपूर्वी तीर्थपुरीच्या घरी तिची स्वतःची सुपारी फुटली तेव्हा त्यांनी भरल्या बैठकीत फोन काढला आणि अंगठ्यानं 'दैवशाला' हे फोल्डर पुसून टाकलं. स्वतःच्या लेकीलाही नेम चुकवला नाही, म्हणून लोकांनी वाहवा केली. कारभारी चार दिवस त्या वाहवेवर होते.

आणि अशा माणसावर यंदा ऐन लग्नसराईत बालंट आलं.

राधाकिसन हा मंठ्याजवळचाच शेतकरी. त्याची लेक वर्षाराणी हिची सुपारी वीस दिवसांपूर्वी बदनापूरच्या भुजंगरावांच्या मुलाशी फुटली होती. कारभारींनीच जमवलेलं स्थळ. तिचा कागद त्यांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर पुसला होता. पुढं एक दिवस मोटारसायकल चहाच्या टपरीवर लावून असताना एका माणसाचा फोन आला, की पोरासाठी मुली असतील तर दाखवा. कारभारींनी त्यांच्या सवयीनं मुलींचं सगळंच्या सगळं फोल्डर निवडलं आणि व्हॉट्सॲपवर धाडून दिलं. एकेक बघायची त्यांना कधी गरजच पडत नसे. त्या फोल्डरमध्ये असायच्याच मुळी फक्त बिनठरलेल्या मुली. धाडलं, चहाचा घोट घेतला, गाडीला किक मारली.

तो माणूस निघाला भुजंगरावांचा मेहुणा, म्हणजे नवऱ्या मुलाचा सख्खा मामा. आलेल्या मुलींमध्ये त्याला आपल्या भाच्याची ठरलेली बायको दिसली. शिवाय त्याच्या ओळखीच्या आणखी सात-आठ बाया अशा, ज्यांची लग्नं होऊन दोन-दोन वर्षं झाली. त्यातल्या एकीचा मुलगा तर आता दुडुदुडु चालत होता. मामानं फोन थेट बहिणीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिसन कारभारींच्या दारात उभा. रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. भुजंगरावांनी त्याला फोनवर एवढंच विचारलं होतं, की आमच्याशी ठरवून तुम्ही अजून दुसरीकडं बघताय का. राधाकिसन कारभारींना म्हणाला, "भाऊ, आज तुमचा पिच्छा सोडत न्हाई मी. हे निस्तरल्याबिगर घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" आणि तो मोटारसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसलासुद्धा. कारभारींचा चहा अजून पेल्यातच होता.

बदनापूरपर्यंतचा रस्ता कारभारींनी मनातल्या मनात शंभर वेळा खुलासा करत काटला. पण भुजंगरावांच्या ओसरीत बसल्यावर त्यातला एक शब्द सुचेना. कंप्युटरची चूक झाली, एवढंच बोलले. भुजंगराव शांत माणूस. शांत माणसाचा राग फार वाईट. ते म्हणाले, "कंप्युटर सोताहून लोकाला पोरी धाडतो का, कारभारी?"

कारभारींनी फोन काढून फोल्डर उघडलं. वर्षाराणी होती. दोन वेण्या, वय वर्षे एकोणीस, शिक्षण बारावी. त्यांनी फोन भुजंगरावांच्या पुढं धरला आणि त्यांच्या देखत ती फाईल पुसली. नंतर तिच्याबरोबर घुसलेल्या त्या संसारी बायांचा सगळा घोळका, एकेक न बघता, एकदम निवडून पुसला. पूर्वी कागद फाडून झाल्यावर करायचे तसे हात झटकले. राधाकिसनच्या छातीवरचा दगड उतरला. आतून चहा आला. चहा पिऊन कप खाली ठेवता ठेवता भुजंगराव म्हणाले, दाखवा बरं पुन्हा एकदा. कारभारींनी ऐटीत फोल्डर उघडलं.

वर्षाराणी तिथंच होती. दोन वेण्या घालून. आणि तिच्या मागंपुढं त्या सगळ्याजणी.

कारभारींना भर ओसरीत घाम फुटला. मेलेलं मेंढरू उठून कळपात येऊन उभं राहावं, तसं झालं. आयुष्यात त्यांच्यावर कुणी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता. भुजंगरावांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले की उद्या सकाळी पहिली पत्रिका देवापुढं ठेवून वाटायला निघायचंय. आज दिवेलागणीपर्यंत हा कागद सगळीकडून गेला आणि पुन्हा दिसला नाही, तर पत्रिका देवापुढं जाईल. नाही गेला तर राधाकिसनरावांच्या मनात काय आहे ते आम्ही समजून घेऊ. एवढं बोलून ते उठले. राधाकिसन त्यांच्या पाया पडायला वाकला होता, कारभारींनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

परतीच्या वाटेवर फोन राधाकिसनच्या हातात होता. जालना सोडलं नाही तोच मागून आवाज आला, पुसलं भाऊ सगळं, गेली. पाच-सहा किलोमीटर झाले असतील नसतील, आली भाऊ. पुन्हा पुसलं. रामनगरच्या पुढं कुठंतरी पुन्हा आली. प्रत्येक 'आली'ला कारभारींची गाडी थोडी डुगडुगायची. राधाकिसन मागून बोलतच होता. पोरीला काय सांगू, तिनं मेंदीचा कोन आणून ठेवलाय, असं काहीबाही. कारभारींना त्याला गप्प बस म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. त्यांची चूक काय झाली हेच त्यांना उमजत नव्हतं, आणि ज्या चुकीचा पत्ता नाही तिची माफी तरी कशी मागावी.

मंठ्यात आदिनाथचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कारभारींच्या घरी आता असतो तो जुना कंप्युटर त्यानंच बसवून दिलेला. आदिनाथ पस्तिशीचा, लुकडा, आणि दर वाक्याआधी नाक ओढायची सवय असलेला माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि आधी व्हायरसवर संशय घेतला. कंप्युटर घरून दुकानात आणवला, तपासला, काही नाही. मग त्यानं कंप्युटरची वायरच काढून टाकली आणि फोनवरून त्या सगळ्या फायली पुसल्या. अर्ध्या तासानं त्या परत आल्या. म्हणजे दोष कंप्युटरात नाही. मग त्यानं कारभारींचा फोनही बंद केला आणि दुकानातल्या मशीनवरून त्यांच्या खात्यात शिरून वर्षाराणीसकट तो सगळा घोळका पुसला, वरची कचरापेटीसुद्धा रिकामी केली. तिघं जण पडद्याकडं बघत बसले. म्हणजे दोघं बसले, कारभारी दुकानात येरझाऱ्या घालत होते. जेवायची वेळ टळून गेली होती. वडापाव आणला होता, तो तिघांसमोर तसाच गार झाला.

पुन्हा आली. एकटी नाही, एकदम एकसष्ट फायली.

आदिनाथ नाक ओढून म्हणाला की तुमचा कंप्युटर बंद, तुमचा फोन बंद, तरी कुणीतरी ठेवतंय. म्हणजे तिसरीकडं कुठंतरी तुमचं खातं चालू आहे. कारभारी उखडले. तिसरं कुठून येणार, माझं खातं मी काय गावजेवणाला ठेवलंय का? तेव्हा आदिनाथनं वर्षाराणीची फाईल उघडली आणि तिच्या वयावर बोट ठेवलं.

एकोणीस. राधाकिसन पुढं वाकला. पोरगी आता तेवीसची होती. बारावी झाल्यावर त्यानं एकदा घाईनं कागद दिला होता, मग ती पुढं शिकते म्हणाली म्हणून थांबवलं, आणि यंदा कारभारींना नवा फोटो, नवा कागद दिला. वीस दिवसांपूर्वी पुसला तो नवा. हा जो परत परत येत होता तो चार वर्षांपूर्वीचा होता. त्या संसारी बायासुद्धा सगळ्या त्याच काळातल्या. कुणीतरी जुनं बाड उघडून बसलं होतं.

आदिनाथनं खातं कुठं कुठं चालू आहे त्याची यादी उघडली. कारभारींचा फोन, कारभारींचा कंप्युटर, आणि खाली तिसरं नाव होतं. दैवशाला लॅपटॉप. शेवटचा वापर, आज, अकरा मिनिटांपूर्वी.

तो लॅपटॉप लग्नात रुखवतावर मांडला होता. लाडू-करंज्यांच्या ताटांमागं, मधोमध, वरून हार घालून. बायका बघायला गर्दी करत होत्या. त्यानंतर कारभारींना त्याची आठवणसुद्धा उरली नव्हती.

आदिनाथच्या लेखी काम झालं होतं. इथं बटण दाबलं की तो लॅपटॉप खात्यातून बाहेर. वर पडलेलं सगळं एकदा पुसायचं, की पुन्हा ठेवणारं कुणी उरत नाही. राधाकिसन खुर्चीतून उठून उभाच राहिला होता. पण कारभारी म्हणाले, थांब. लेकीनं लॅपटॉप लावला आणि मला एका शब्दानं बोलली नाही, हे त्यांच्या डोक्यात कुठंतरी टोचलं होतं. त्यांनी फोन चालू करून तिला लावला. तिनं कट केला. मिनिटानं मेसेज आला, कामात हाय आबा, नंतर करते.

मग त्यांनी आदिनाथला एकसष्ट फायली एकेक दाखवायला सांगितल्या. खाली जाता जाता 'दैवशाला' हे फोल्डर आलं. त्यांनी भरल्या बैठकीत पुसलेलं तेच. आत तिचा बायोडाटा होता, दहावी-बारावीची गुणपत्रकं, नर्सिंगचं सर्टिफिकेट, नोंदणीचा दाखला. आणि एक फाईल या आठवड्यातली होती. तिचं नाव 'अर्ज'.

कारभारी म्हणाले, उघड. जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात परिचारिकेच्या जागेसाठी तो अर्ज होता. बराचसा भरलेला. खाली प्रश्न होता, राहण्याची सोय हवी आहे काय. पुढं दैवशालानं लिहिलं होतं, होय.

आदिनाथनं वाचलं आणि तो उठून पंख्याचं बटण उगाच कमी-जास्त करायला लागला. कारभारी मात्र प्रथमच खुर्चीत बसले. तीर्थपुरीचं स्थळ त्यांनी सगळ्या मुलुखात वाजवून सांगितलं होतं. नवं स्थळ दाखवताना ते म्हणायचे, अहो मी माझी लेक दिली त्या घरात, तसं घर काढून देतो तुम्हाला. तिथल्या माणसांनी बैठकीत शब्द दिला होता की पोरगी शिकलेली आहे, नोकरी करू देऊ. त्या शब्दाचे मध्यस्थ स्वतः कारभारीच होते. पुढं तीन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, की त्या शब्दाचं काय झालं.

"दाबा ना भाऊ बटण," राधाकिसन म्हणाला. "चार वाजून गेले."

"दाबलं तर तिच्याकडचं काय होईल रे, आदिनाथ?"

आदिनाथ म्हणाला की खात्रीनं सांगता येत नाही. राहीलही, जाईलही. तिच्याकडं दुसरीकडं कुठं ठेवलेलं असेल तर काही नाही, नसेल तर गेलं. शिवाय अर्ज कुणाला वरूनच बघायला दिला असेल, तर तो तर जाणारच.

कारभारी राधाकिसनकडं वळले. "राधाकिसन, तुझ्या लेकीचं वाचवायला माझ्या लेकीचं पुसावं लागून राह्यलंय. मला एकदा तिकडं जाऊ दे. दिवेलागणीच्या आत तुझं काम करून देतो. न्हाई झालं तर तिथूनच बटण दाबतो, आदिनाथला फोन करून."

राधाकिसननं दुकानातल्या घड्याळाकडं पाहिलं. त्याचं सगळं या एका दिवसावर टांगलेलं होतं, आणि समोरचा माणूस त्यातले दोन तास मागत होता. शेवटी त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

परतूरवरून तीर्थपुरीला पोचेपर्यंत उन्हं कलली. कापसाच्या गाड्यांमागं दोनदा अडकले. कारभारी एरवी रस्त्यानं दिसेल त्याला हात करतात, त्या दिवशी त्यांनी कुणाला केला नाही. मागं बसलेल्या राधाकिसननं फोन हातात धरला होता, पण तोही आता 'आली-गेली' सांगत नव्हता.

विहीण उषाबाई अंगणातच होत्या. त्यांनी अगत्यानं पाणी दिलं, अचानक कसे काय आलात म्हणून विचारलं. कारभारींनी जन्मात पहिल्यांदा सोयऱ्याच्या दारात खोटं सांगितलं. म्हणाले, रुखवतातलं ते कंप्युटर दुरुस्त करून घ्यावं म्हणतो, जरा बघू द्या. उषाबाई हसल्या. "ते तर कवाच बिघडलंय. दैवशालाच म्हणली. उगं कणगीमागं जागा अडवून राह्यलंय, न्या की." दैवशाला दारात आली होती. तिचा चेहरा एकदम उतरला. कारभारींनी तो पाहिला, आणि राधाकिसननंही पाहिला. राधाकिसन ओट्यावर बसला आणि त्यानं उषाबाईंना विचारलं की यंदा तुमच्याकडं तुरीला फुलं लवकर गळाली का हो. दिवसभर रडकुंडीला आलेला हा माणूस त्यानंतर अर्धा तास तुरीवर बोलला.

धान्याच्या खोलीत कणगीमागं लॅपटॉप चालूच होता, तिच्या फोनच्या नेटवर. वर पोतं टाकलेलं. कारभारी दार लोटून खाली बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. वर्षाराणीचं, भुजंगरावांचं, एकसष्ट फायलींचं. 

"आबा, पुसून राह्यलते ते तुमी होता?" दैवशाला म्हणाली. "मला वाटलं ह्याच्यात बिघाड झाला."

मग तिनं सांगितलं. तिची मूळ कागदपत्रं सासूच्या लोखंडी कपाटात. मागितली तर कशाला म्हणून विचारणार. पण सुपारीच्या आदल्या दिवशी तिनं मुलींचं सगळं फोल्डर एका पेनड्राईव्हवर घेऊन ठेवलं होतं, आबांनी तिचं पुसलं त्याच्या आधीचं. बापाचा नेम तिला माहीत होता. म्हणून तीन वर्षं तिनं लॅपटॉपला नेट लावलंच नाही. गेल्या आठवड्यात लावलं तर डोळ्यांदेखत तिचं फोल्डर नाहीसं झालं. तिनं पेनड्राईव्हवरचं सगळं पुन्हा आत ओतलं. एकेक निवडायला वेळ कुठला, सासूबाई दळणाला नाहीतर शेजारी गेल्या की दहा मिनिटं मिळायची. जालन्याच्या दवाखान्यात तिची जुनी मैत्रीण नंदाबाई होती, ती तिकडून उघडून छापून अर्ज देणार होती. आज सकाळपासून नंदाबाईचे फोन, की काहीच दिसत नाही. दैवशाला ठेवायची, ते जायचं. पुन्हा ठेवायची, पुन्हा जायचं.

कारभारींच्या डोळ्यांपुढं सकाळपासूनचा रस्ता आला. भुजंगरावांची ओसरी, रामनगर, आदिनाथचं दुकान. दर वेळी हात झटकले होते त्यांनी.

"तरास देतात का ग?" त्यांनी विचारलं.

"मारत-बिरत न्हाईत, आबा. तसं काई न्हाई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर नोकरीचं नाव काढलं की समदे हासतात. तीन वर्षं झाली. तुमाला कसं सांगू, तुमी तर गावोगाव आमचंच घर दाखवत हिंडता."

 कारभारींनी लॅपटॉप पुढं ओढला. लेकीनं दाखवलं तसं पेनड्राईव्हवरून आणि फोल्डरमधून एकेक मुलगी पुसत गेले. नाव वाचायचे, पुसायचे. वर्षाराणी आधी. मग बाकीच्या जुन्या सगळ्या. शेवटी जुन्यातलं दैवशालाच्या नावाचं तेवढं एक फोल्डर उरलं. सुपारी फुटून तीन वर्षं झालेल्या मुलीचा कागद, आणि तो कारभारी गडद्यांच्या खात्यात राहणार होता. दैवशालानं ते फोल्डर मुलींमधून उचलून बाहेर, वेगळं ठेवलं.

बाहेरून राधाकिसनचा आवाज आला, तुरीचं बोलता बोलता मध्येच, "भाऊ, गेली." मग सगळे थांबले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. उषाबाईंनी दिवा लावला, देवापुढं हात जोडले. पंधरा मिनिटांनी राधाकिसन दाराशी आला. त्यानं फोन पुढं धरला. फोल्डरमध्ये बिनठरलेल्या अकरा मुली होत्या, बाकी कुणी नाही. कारभारींनी भुजंगरावांना फोन लावून दिला आणि तो राधाकिसनच्याच हातात ठेवला. त्याला घडलं ते सांगता येईना, नुसताच हो, हो, बराबर, असं म्हणत राहिला. शेवटी फोन छातीशी धरून म्हणाला, सकाळी पत्रिका देवापुढं ठेवतो म्हणले. आणि तोंड फिरवून डोळे पुसत ओट्याकडं गेला.

कारभारी उठले नाहीत. पडद्यावर अर्ज उघडा होता. सगळे रकाने भरलेले, एक सोडून. कायमचा पत्ता. त्याच्यापुढं काहीच नव्हतं.

"हे काऊन राह्यलं?"

दैवशाला खाली बघत म्हणाली, "इथलं लिहिलं तर पत्र हितं येईल. आन् तिथलं लिहायचं तर तुमाला इचारल्याबिगर कसं लिहू?"

कारभारींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, ते टाईप करायला लागले. द्वारा कारभारी गडदे, मुक्काम पोस्ट मंठा, जिल्हा जालना. एवढ्याला पाच मिनिटं लागली. तिनं मध्ये हात घातला नाही. लिहून झाल्यावर ते मागं टेकले.

"पिनकोड राह्यला, आबा," ती म्हणाली.

कारभारींना पिनकोड आठवेना. तिनं सांगितला आणि त्यांनी एकेक आकडा लिहिला. घर सोडून तीन वर्षं झाली, तरी तो तिलाच पाठ होता.